चेन्नईत टीम सांभाळताना : अंदाज कमी, विचारणा जास्त

नाशिकहून ओरगडमच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज म्हणून आलेले, पुण्याहून ओएमआरवरच्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड झालेले, कोल्हापूर-नागपूरकडून बँकेच्या शाखेत मॅनेजर म्हणून बदली झालेले. चेन्नईतली अशी मराठी मंडळी बोलायला बसली की प्रश्न थोड्याफार फरकाने तेच निघतात. ‘टीम आपसात तमिळमध्ये बोलते, माझ्याविषयी तर बोलत नसेल?’ ‘मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात, आणि काम मात्र होत नाही.’ ‘एकदा आवाज चढवला, तेव्हापासून कुणी आपणहून समोर येत नाही.’ ‘अप्रेझलमध्ये इमोशनल इंटेलिजन्स वाढवा असं लिहून आलंय. म्हणजे उद्या सकाळपासून नेमकं काय करू?’

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. आपल्या भाषेत, आपल्या माणसांत आपण निम्म्याहून अधिक गोष्टी अंदाजाने ओळखतो. कोण रुसलंय, कोण दमलंय, कुणाच्या ‘बघतो’मध्ये नकार आहे, हे सांगावं लागत नाही. चेन्नईत हे अंदाज चुकतात, आणि चुकले हेही लवकर कळत नाही. म्हणून इथे टीम सांभाळायची असेल तर एक सवय आधी लावून घ्या : मनाशी ठरवण्याआधी विचारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच सवयीच्या आहेत.

आधी दोन गैरसमज दूर करा

भावनिक बुद्धिमत्ता ही कल्पना पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडली, आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे ती जगभरच्या ऑफिसांत पोचली. तुमच्या कामापुरतं तिचं सार चार गोष्टींत मावतं : स्वतःच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, त्यावर ताबा ठेवणं, समोरच्याच्या मनात काय आहे ते जाणून घेणं, आणि हे तिन्ही वापरून नातं आणि काम दोन्ही पुढे नेणं.

पहिला गैरसमज असा, की हे म्हणजे गोड बोलणं. ज्याला नकार देता येत नाही, चूक दाखवता येत नाही, तो टीमला आवडत असेल. पण त्याच्या टीममधल्या कष्टाळू माणसावर अन्याय होत असतो. कारण दुसऱ्याचं अर्धवट काम शेवटी त्याच्याच गळ्यात पडतं.

दुसरा गैरसमज असा, की हा स्वभाव आहे. असला तर असतो, नाहीतर नाही. याला आपल्याच इतिहासातलं उत्तर आहे. टी. माधवराव हे कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले, तंजावरच्या मराठी कुळातले, मद्रासमध्ये शिकलेले गृहस्थ. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. तिन्हीकडची भाषा वेगळी, दरबार वेगळा, माणसं वेगळी. बडोद्यात त्यांच्या समोर होते नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून दत्तक आणलेले कोवळे सयाजीराव. १८८१ मध्ये, अधिकार हाती येण्याआधी, माधवरावांनी या तरुण राजाला राज्य कसं चालवावं यावर व्याख्यानं दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूपात आहेत. सयाजीरावांसारखा थोर राजाही शिकवणीतून घडला. माणसं सांभाळणं शिकता येतं, शिकवताही येतं.

पहिली पायरी : स्वतःचा पारा ओळखा

टीमकडे बघण्याआधी आठवडाभर स्वतःकडे बघा. रोज कामावरून निघताना वहीत तीन ओळी लिहा :

- आज कुठल्या क्षणी मन बिघडलं?
- त्या वेळी शरीराने काय केलं? (जबडा आवळला, बोलण्याचा वेग वाढला, कानशिलं तापली)
- त्या रागाखाली दुसरं काही होतं का? (भीती, अपमान, एकटेपणा, थकवा)

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नव्या शहरात आलेल्या माणसाच्या रागाखाली बरेचदा एकटेपणा असतो. घरचे पुण्यात, मुलाची शाळा तिकडेच, इथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये रात्री एकट्याचं जेवण. अशा दिवसांत चारजण तमिळमध्ये हसले की आपल्यालाच हसले असं वाटतं. एकटेपणाचं औषध एकटेपणावर करा : घरच्यांशी बोलण्याची वेळ ठरवा, शहरातल्या मराठी मंडळींत जा, संध्याकाळी मरीनाला किंवा बेझंट नगरच्या किनाऱ्यावर फिरायला जा. त्याची भरपाई टीमकडून वसूल करू नका.

मग स्वतःला तीन नियम घाला :

1. रागात लिहिलेला ईमेल किंवा मेसेज त्याच संध्याकाळी पाठवायचा नाही. मसुदा ठेवा, सकाळी वाचा.
2. आवाज चढतोय असं जाणवलं की वाक्य तिथेच थांबवा आणि ‘मला दहा मिनिटं द्या’ असं स्पष्ट सांगा. न सांगता उठून गेलात तर समोरचा भलताच अर्थ लावेल.
3. जेवणाच्या आधी आणि शिफ्ट बदलताना कडक विषय काढायचा नाही. दोन्ही बाजूंची माणसं त्या वेळी दमलेली असतात.

दुसरी पायरी : नाव नीट विचारा

आपल्याकडे ऑफिसात ‘अहो देशपांडे’, ‘काय पाटील’ असं आडनावाने हाक मारणं सहज असतं. तमिळनाडूत बहुतेक लोक आडनाव लावत नाहीत. नावाआधी येणारं अक्षर साधारणपणे वडिलांच्या नावाचं असतं. कंपनीच्या संगणकात मात्र ‘लास्ट नेम’चा रकाना भरावाच लागतो, तिथे वडिलांचं नाव जातं, आणि नवा मॅनेजर मुरुगनला त्याच्या वडिलांच्या नावाने मेल लिहितो.

यामागे इतिहास आहे. पेरियार ई. व्ही. रामसामी यांच्या स्वाभिमान चळवळीची पहिली प्रांतिक परिषद फेब्रुवारी १९२९ मध्ये चेंगलपट्टूला भरली आणि तिथे नावापुढची जातिवाचक उपनामं टाकून देण्याचा ठराव झाला. आज त्याच परिसरातल्या कारखान्यांत आणि आयटी पार्कांत तुम्ही काम करताय. म्हणून ‘पूर्ण नाव काय? आडनाव नाही का?’ असं खोदून विचारणं इथे निरागस राहत नाही. समोरच्याला ती जातीची चौकशी वाटू शकते.

काय करावं?

- पहिल्याच भेटीत विचारा : ‘तुम्हाला कशी हाक मारलेली आवडेल?’
- उच्चार चुकला तर पुन्हा विचारा आणि लिहून ठेवा. नाव बरोबर म्हणण्याची मेहनत माणसाच्या लक्षात राहते.
- वयाने मोठ्या ऑपरेटरला टीममधले ‘अण्णा’, बाईंना ‘अक्का’ म्हणत असतील तर तुम्हीही म्हणू शकता. मात्र तुमच्याहून लहानाला ‘तंबी’ म्हणण्याआधी ओळख वाढू द्या. वरच्या हुद्द्यावरून आलेली सलगी हुकमासारखी लागते.

तिसरी पायरी : भाषेचा प्रश्न मोकळा करा

‘हिंदीत बोललं की सगळ्यांना कळतं’ हा चेन्नईत येणाऱ्या उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या माणसांचा सर्रास चुकणारा अंदाज. तमिळनाडूत १९३७ ते १९४० या काळात शाळांतल्या सक्तीच्या हिंदीविरुद्ध आणि पुन्हा १९६५ मध्ये मोठी आंदोलनं झाली, माणसं मरण पावली. १९६८ पासून राज्याने तमिळ आणि इंग्रजी असं दोन भाषांचं धोरण ठेवलंय. तुमच्या समोरच्या मुलीला हिंदी येत नसेल तर तो तिचा अडाणीपणा नाही आणि आडमुठेपणाही नाही. ती शाळेत हिंदी शिकलेलीच नाही.

टीम तमिळमध्ये बोलते तेव्हा तुमच्यापुढे तीन पर्याय असतात :

- बंदी घालणं. हा पर्याय टाळा. दमलेला माणूस आपल्या भाषेत बोलतो. तुम्हीही दुसऱ्या मराठी सहकाऱ्याशी तेच करता.
- दुर्लक्ष करणं. कँटीनमध्ये, चहाच्या टपरीवर हे योग्य आहे. कामाच्या चर्चेत मात्र नाही, कारण निर्णयच तुमच्याशिवाय होऊ लागतात.
- ठरवून घेणं. हा पर्याय सगळ्यात बरा. टीमला सांगा : ‘आपसात तमिळमध्येच बोला. निर्णयाची बैठक इंग्रजीत घेऊ. अडलं तर तमिळमध्ये मांडा, कुणीतरी मला दोन वाक्यांत सांगा.’ म्हणजे ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्यालाही तोंड उघडता येतं. इंग्रजीत अडखळणारा माणूस कामात अडखळणारा नसतो, हे अप्रेझल लिहिताना विसरू नका.

आणि स्वतः थोडं तमिळ शिका. सुरुवातीला एवढं पुरे :

- साप्टींगळा? – जेवलात का?
- एन्न आच्चु? – काय झालं?
- मेदुवा सोल्लुंग – सावकाश सांगा.
- पुरियलै – कळलं नाही.
- रोंब नंद्री – खूप आभार.

‘पुरियलै’ हा शब्द जरूर वापरा. साहेबच ‘मला कळलं नाही’ असं म्हणतो तेव्हा टीमलाही ते म्हणण्याची मुभा मिळते.

चौथी पायरी : ‘येस सर’च्या पलीकडचं विचारा

मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात आणि काम अडतं, या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा प्रश्नात असतं. ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ या प्रश्नाला चारचौघांत, हुद्द्याने वरच्या माणसासमोर नाही म्हणणं कुठल्याही शहरात अवघड असतं. त्या ‘येस सर’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच असू शकतो.

प्रश्न बदला :

- ‘समजलं ना?’ ऐवजी : ‘आता आधी काय करणार, ते मला सांगाल?’
- ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ ऐवजी : ‘शुक्रवार चुकलाच तर कशामुळे चुकेल?’
- ‘काही अडचण?’ ऐवजी : ‘यातला सगळ्यात अवघड भाग कुठला वाटतो?’
- ‘कुणाला काही बोलायचंय?’ ऐवजी : मीटिंगच्या आदल्या दिवशी एकेकाला दोन ओळींत मत लिहून मागा.

उत्तर आल्यावर पाच सेकंद गप्प राहा. आपण शांतता भरून काढायला घाई करतो. त्याच शांततेत समोरचा खरी अडचण सांगायला जुळवाजुळव करत असतो. आणि ज्याने पहिल्यांदा ‘सर, जमणार नाही’ असं सांगितलं, त्याचे सगळ्यांसमोर आभार माना. त्याला त्या दिवशी जी वागणूक मिळेल त्यावरून बाकीचे आपलं तोंड उघडायचं की नाही ते ठरवतील.

पाचवी पायरी : चूक दाखवायची वेळ येते तेव्हा

इथे बहुतेक नवे लीड दोन टोकांना जातात. एक तर चारचौघांत झापतात, नाहीतर महिनोन्‌महिने गप्प राहून अप्रेझलच्या दिवशी सगळं बाहेर काढतात. मधली वाट अशी :

1. वेगळं बसा. कौतुक चारचौघांत, चूक बंद दाराआड. काचेच्या खोलीत असाल तर समोरच्याची पाठ हॉलकडे ठेवा.
2. घडलेलं सांगा, स्वभाव नको. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ यावर फक्त भांडण होऊ शकतं. ‘मंगळवारच्या आणि गुरुवारच्या रिपोर्टमध्ये एकच रकाना चुकला’ यावर बोलता येतं.
3. परिणाम सांगा. ‘त्यामुळे ग्राहकाने माल थांबवला.’
4. विचारा आणि थांबा. ‘तुमच्या बाजूने काय झालं?’ इथे तुमचा तयार निष्कर्ष बाजूला ठेवा. त्याला चुकीचीच फाइल पाठवली गेली असेल.
5. पुढचं मिळून ठरवा. कोण, काय, कधीपर्यंत. एका ओळीत लिहून दोघांकडे ठेवा.
6. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे वागा. बोलणं संपलं की ते संपलं, हे तुमच्या वागण्यातून दिसू द्या.

तुम्ही तिशीतले आणि समोर वीस वर्षं त्याच लाइनवर काढलेला फोरमन असेल, तर वरच्या यादीतल्या चौथ्या मुद्द्यापासून सुरू करा. त्याला मशीनचं जे कळतं ते तुम्हाला अजून कळायचंय. आधी त्याच्याकडून समजून घ्या. नंतर तुम्ही सांगाल ते तो ऐकेल.

सहावी पायरी : संकटात आधी माणूस, मग काम

डिसेंबर २०१५ चा पूर, २०१९ च्या उन्हाळ्यातली पाणीटंचाई, डिसेंबर २०२३ मधलं मिचाँग चक्रीवादळ. चेन्नईत काम करायचं तर असे दिवस येणार हे धरून चाला. वेळच्चेरी, मुडिच्चूर, पळ्ळिकरणै अशा सखल भागांत पाऊस थांबल्यावरही पाणी राहतं. वीज नाही, फोन बंद, आणि तुमचा मेसेज येतो : ‘लॉगिन का नाही?’ ते तीन शब्द माणूस नोकरी सोडेपर्यंत विसरत नाही.

ऑक्टोबर उजाडण्याआधी, म्हणजे ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर, तुमची यादी तयार हवी : कोण कुठल्या भागात राहतं, घरात वृद्ध किंवा तान्हं मूल आहे का, पर्यायी फोन कुणाचा, कुणाचं काम कोण सांभाळेल. त्या दिवशी पहिला मेसेज एकच : ‘तुम्ही आणि घरचे ठीक आहात का? कामाचं आम्ही बघतो.’

संकटात बोलणं टाळलं तर काय होतं, याचं मोठं उदाहरण याच परिसरात घडलं. डिसेंबर २०२१ मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळच्या, अॅपलचे फोन बनवणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली. दीडशेहून अधिक जणींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. आजारी मैत्रिणी कशा आहेत याची खात्रीची माहिती बाकीच्यांपर्यंत पोचेना, आणि काहीजणी दगावल्याची अफवा पसरली. संतापलेल्या मुलींनी चेन्नई-बेंगळुरू महामार्ग रोखला. कारखाना बंद पडला, तो १२ जानेवारी २०२२ ला पुन्हा सुरू झाला. काही वसतिगृहं आणि जेवणाच्या जागा दर्जाला उतरत नव्हत्या, हे अॅपलनेही मान्य केलं. जेवण आणि राहणं धड नव्हतं, हे मूळ दुखणं. भीतीला वेळेत उत्तर मिळालं नाही, त्याने ते रस्त्यावर आलं. तुमची टीम दहाजणांची असली तरी धडा तोच :

- माहिती अपुरी असली तरी बोला. आहे तेवढं सांगा आणि पुढची खबर किती वाजता देणार तेही सांगा.
- अफवा कळली तर हसण्यावारी नेऊ नका. तिच्यात कसली भीती आहे ते बघा.
- तक्रार जेवणाची, स्वच्छतागृहाची, बसच्या वेळेची असली तरी ती किरकोळ नसते.

सणांच्या दिवसांतही आधी माणूस, मग काम. जानेवारीच्या मध्यावर पोंगलला माणसं मदुरै-तिरुनेलवेलीकडे गावी जातात. त्या आठवड्यात डेडलाइन ठेवू नका. दिवाळीचा मुख्य दिवस इथे नरकचतुर्दशीचा, हे रजा ठरवताना लक्षात असू द्या. आणि आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, यंत्रांची पूजा होते तेव्हा ऑफिसात कोपऱ्यात उभे राहू नका. आपल्याकडे हा दिवस कसा करतात ते टीमला सांगा, त्यांचं विचारा. तुमच्यात आणि टीममध्ये काय समान आहे ते अशा वेळी सापडतं.

खाचखळगे

- सहानुभूतीचा हत्यार म्हणून वापर. आईच्या आजारपणाची चौकशी करून लगेच शनिवारी कामाला बोलावलंत, तर पुढच्या वेळी कुणी काही सांगणार नाही. चौकशी आणि मागणी एकाच संभाषणात ठेवू नका.
- वैद्य बनणं. ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ असं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही. ‘गेले काही दिवस तुम्ही गप्प दिसताय, मी काय करू शकतो?’ इथे थांबा.
- समाजावर शिक्के. ‘तमिळ लोक असेच’, ‘मुंबईवाले तसेच’ अशा वाक्यांनी विचारण्याची गरजच संपते. एकाच टीममध्ये मदुरैची मुलगी, आंध्रचा मुलगा आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेला तंजावर-मराठी घरातला माणूस असू शकतो.
- गुपितं गोळा करणं. विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगू नका, ‘मदत म्हणून’सुद्धा नाही. आधी परवानगी घ्या.
- सगळ्यांचं ओझं एकट्याने वाहणं. ऐकणाराही थकतो. आठवड्यातून एकदा तुमचं कोण ऐकणार, हे ठरवून ठेवा.

जिथे समजूतदारपणा पुरत नाही : हक्क आणि नियम

चांगला मॅनेजर मिळणं नशिबावर सोडता येत नाही, म्हणून कायदे असतात. चेन्नईच्या टी. नगरमधल्या मोठमोठ्या कापड-दुकानांतल्या विक्रेत्या दिवसाचे दहा-बारा तास उभ्या असायच्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायची सोय नव्हती. केरळने २०१८ मध्ये पाऊल उचललं, त्यानंतर तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकाने आणि आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांसाठी आसनं ठेवणं बंधनकारक केलं. कुणीतरी ‘पाय दुखतात का?’ एवढं आधीच विचारलं असतं, तर कायद्यापर्यंत जावं लागलं नसतं. तुम्ही लीड असा वा कर्मचारी, पुढच्या गोष्टी माहीत हव्यात :

- लैंगिक छळाविरुद्ध संरक्षण. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत करायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी ३ महिने मुदत देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. कर्मचारी १० पेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. एखाद्या सहकारी महिलेने तुम्हाला असं काही सांगितलं, तर दोघांना बसवून ‘मिटवून’ टाकू नका. ऐका, समितीची माहिती द्या, तिचं नाव गुप्त ठेवा.
- तक्रार निवारण समिती. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत अशी समिती असायला हवी. तिच्यात मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. कामगाराला तक्रारीचं कारण घडल्यापासून एका वर्षात अर्ज करता येतो. व्यवस्थापकीय पदावरची माणसं मात्र ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत. त्यांनी नेमणूकपत्र आणि कंपनीचं धोरण नीट वाचून ठेवावं.
- मानसिक आरोग्य. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचं असतं. कंपनीच्या गटविम्यात ते आहे का, हे एचआरला लेखी विचारा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. चेन्नईत १९८६ पासून चालणारी ‘स्नेहा’ ही आत्महत्या प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था आहे. तिचा क्रमांक ०४४-२४६४००५०.
- तुमचा स्वतःचा साहेब त्रास देत असेल तर. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार अशी नोंद ठेवा. एकदा शांतपणे समोरासमोर सांगा. फरक पडला नाही तर एचआरला लेखी कळवा. अपमान गिळत राहणं म्हणजे भावनांवरचा ताबा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

शिकायची वाट कुठली निवडाल?

- कंपनीचं प्रशिक्षण. असेल तर घ्या, पण दोन दिवसांच्या वर्गाने सवय बदलत नाही. वर्गानंतर एकच गोष्ट निवडा आणि महिनाभर करा.
- आरसा धरणारा सहकारी. सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक वेळा सगळ्यात उपयोगी. टीमबाहेरच्या, शक्यतो स्थानिक सहकाऱ्याला सांगा : ‘मीटिंगमध्ये मी कुणाला तोडलं, कुणाला वगळलं, ते मला नंतर सांगा.’ आणि सांगितल्यावर सफाई देऊ नका.
- कोच किंवा समुपदेशक. राग घरापर्यंत जात असेल, झोप उडाली असेल, तर हाच पर्याय घ्या. वाट बघू नका.
- ऑनलाइन चाचण्या. गंमत म्हणून ठीक. त्यांच्या गुणांवर कुणाची बढती ठरवू नका, स्वतःची किंमत तर मुळीच ठरवू नका.

पहिल्या ९० दिवसांचा आराखडा

1. पहिला महिना : ऐकण्याचा. प्रत्येकाशी अर्धा तास वेगळं बोला. तीनच प्रश्न : काय चांगलं चाललंय, काय अडतंय, माझ्याकडून काय हवं? कुठलंही आश्वासन देऊ नका, लिहून घ्या.
2. दुसरा महिना : एक अडचण सोडवण्याचा. सगळ्यांनी सांगितलेली, तुमच्या हातातली, लहानशी एक गोष्ट निवडा. बसची वेळ, रजेचा तक्ता, रिपोर्टचा नमुना, काहीही. ती खरोखर सोडवा. जे जमणार नाही तेही कारणासह सांगा.
3. तिसरा महिना : स्वतःविषयी विचारण्याचा. टीमला नाव न घालता दोन ओळी लिहायला सांगा : मी काय चालू ठेवू, काय थांबवू? आलेल्यातली एक गोष्ट सगळ्यांसमोर वाचा आणि तिच्यावर काय करणार ते सांगा. कुणी लिहिलं असेल याचा शोध घेऊ नका.

तुम्ही सुधारताय की नाही, हे कळायला एक खूण पुरेशी आहे. टीममधली वाईट बातमी तुमच्यापर्यंत कधी पोचते ते बघा. माल परत आल्यावर, ग्राहक चिडल्यावर, राजीनामा टेबलावर आल्यावर कळत असेल तर अजून काम बाकी आहे. एखाद्या सोमवारी सकाळी कुणी आपणहून येऊन ‘सर, हे बिघडण्याची शक्यता आहे’ असं वेळेआधी सांगू लागलं, तर तुमच्या विचारण्यावर त्या माणसाचा विश्वास बसलाय. टीमचा असा विश्वास मिळवणं म्हणजेच नेतृत्व, आणि तो रोजच्या विचारण्यातून मिळतो.